परत गेलेल्यांचा अपराध कोणता?

आपल्या भागातील एका धर्मग्रामाच्या सभेत गेल्या महिन्यात एक ठराव मांडण्यात आला. जी कुटुंबे परदेशातून मायदेशी आली आणि पुन्हा तिकडेच राहावयास गेली, त्यांना यापुढे मंडळाच्या निवडणुकीत मत नसावे आणि दफनभूमीत जागाही नसावी, असा त्याचा आशय होता. ठराव मांडणाऱ्या गृहस्थांनी उधळ्या पुत्राचा दाखला दिला. तो परत आला म्हणून बापाने मेजवानी घातली. मेजवानी जेवून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा चालता झाला असता तर, असा त्यांचा सवाल होता. सभेत हशा पिकला, टाळ्याही पडल्या.

दाखला द्यावयाचा तर तो नीट वाचावा. धाकट्या मुलाने आपला वाटा मागून घेतला आणि दूरदेशी उधळला. आपली मुलेमुली वाटा घेऊन गेलेली नाहीत, वाटा पाठवीत आहेत. याच दफनभूमीच्या कुंपणासाठी जमलेल्या वर्गणीची यादी चर्चच्या दारातील फलकावर लावलेली आहे. तिच्यात मस्कत, दोहा, कुवेत ही नावे किती वेळा येतात, ते ठरावकर्त्यांनी एकदा बोट ठेवून मोजावे.

ज्या उदाहरणावरून हे सारे पेटले ते माझ्या नात्यातले आहे. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली आणि शिरूरला दिलेली ही मुलगी दुबईत चौदा वर्षे परिचारिका होती. सासूला पक्षाघात झाला, तेव्हा नोकरी सोडून ती घरी आली. दोन वर्षे तिने सासूचे सर्व केले. त्या देशात सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्याचा निवासपरवाना सामान्यतः रद्द होतो, तिचाही झाला. सासूला मूठमाती दिल्यानंतर तिने इकडे काम शोधले. मिळणाऱ्या पगारात मुलाच्या महाविद्यालयाची फीसुद्धा निघेना. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे एवढ्या औद्योगिक वसाहती आहेत, मग बाहेर कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटले. शेचाळीस वर्षांच्या परिचारिकेला त्या कारखान्यांत कोणते काम द्यावयाचे, हे त्यांपैकी एकानेही सांगितले नाही.

ती परत गेली. परत म्हणावयाचे इतकेच. ज्या शहरात चौदा वर्षे काढली, तेथे तिला नवख्या मुलीच्या पगारावर उभे राहावे लागले. जुन्या मैत्रिणी पांगल्या होत्या, खोलीत पाच अनोळखी बायका होत्या. तिला हावरी म्हणणाऱ्यांपैकी किती जणी त्या दोन वर्षांत सासूच्या उशाशी एक रात्र बसल्या?

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेव्हा सुमारे १,७०,००० भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईस आणण्यात आले. गोव्यातील आणि आपल्या मुंबई-वसईकडील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे त्यांत होती. पुष्कळांच्या हाती एकेक पिशवी उरली होती. फेब्रुवारी १९९१ मध्ये तो देश मुक्त झाला आणि त्यांतील अनेक जण पुन्हा त्याच जळालेल्या शहरात राहावयास गेले. त्यांच्या त्या दुसऱ्या जाण्यावर इकडे किती घरांची कर्जे फिटली!

दौंडकरांनी तर हा प्रश्न विचारूच नये. १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग सुरू झाला आणि या गावाचे जंक्शन झाले. गाडीमागोमाग माणसे आली. आपल्यापैकी निम्म्यांचे आजे कोणत्या ना कोणत्या दूरच्या मुलखातून येथे उतरले. सुटीत गावी जाऊन ते पुन्हा दौंडलाच परतत, तेव्हा त्यांना कोणी पळपुटे म्हटले नाही.

याच तालुक्यातील केडगावच्या पंडिता रमाबाई पंथाने आपल्या नव्हेत. तरी त्यांचा अभिमान आपण मिरवतोच. त्या १८८९ मध्ये अमेरिकेहून परतल्या. बॉस्टनच्या मंडळींनी दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन संपत आले, तेव्हा १८९८ मध्ये त्या पुन्हा तिकडे गेल्या. राहावयास नव्हे, काही महिन्यांसाठीच, हे मान्य. पण दुष्काळातून आणलेल्या मुली मागे ठेवून त्या निघाल्या, त्या मुलींना पोसण्यासाठीच. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला तो केडगावलाच.

मताचा प्रश्न वेगळा आहे. जो वर्षानुवर्षे हजर नाही त्याने मंडळ निवडावे की नाही, यावर वाद होऊ शकेल आणि तेथे मी हट्ट धरणार नाही. आईवाचून वाढणाऱ्या मुलांचे हाल मी पाहिले आहेत, तेही झाकणार नाही. पण कबरीची जागा? आखाती देश कामाला माणूस घेतात, त्याला सहसा नागरिक करून घेत नाहीत. हातपाय थकले की परवाना संपतो. म्हणजे या स्त्रीला म्हातारपणी परतण्यासाठी जगाच्या पाठीवर हीच एक जागा आहे, आणि आपण तिचेच दार लावावयास निघालो आहोत.

शिरूरला कर्नल वॉलेस या इंग्रज सेनाधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ मध्ये वारला. आसपासचे शेतकरी त्याला सत्पुरुष मानून सुगीचे पहिले धान्य तेथे वाहात, अशी नोंद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. त्या कुणब्यांनी साता समुद्रांपलीकडच्या माणसाला साडेतीन हात जमीन दिली, वर नैवेद्यही दिला. त्याचा आपल्या मातीशी संबंध किती वर्षांचा, हे कोणी तपासले नाही.

ठरावाचा मसुदा अद्याप चर्चच्या दारात, वर्गणीच्या यादीशेजारीच चिकटवलेला आहे. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पुढील सभा भरेल. तत्पूर्वी मसुदा काढून घ्यावा. ज्यांनी तो लावला त्यांनीच.