पाण्याचा सातबारा

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. त्याआधी चार-पाच वर्षे या विमानतळाला कोणाचे नाव द्यायचे यावरून मोर्चे निघाले, मानवी साखळ्या झाल्या आणि अखेर २०२२ साली राज्याच्या विधिमंडळाने दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठराव केला. उरण तालुक्यातल्या जासईचे दि. बा. पाच वेळा आमदार आणि दोनदा खासदार होते. पण आमच्या भागात त्यांची ओळख एकच. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांच्या बाजूने उभा राहिलेला माणूस. त्यांचे नाव धावपट्टीला लाभावे असे इथल्या घराघरांत वाटते, आणि ते योग्यच आहे.

पण नावाचा प्रश्न सुटला म्हणजे हिशेब मिटला असे मानण्याची घाई होते आहे, म्हणून हा लेख. या शहराने इथल्या माणसांकडून नेमके काय घेतले, असे कुणालाही विचारा. उत्तर येईल, 'जमीन.' ते खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे कधी मोजलेच गेले नाही, आणि न मोजलेल्याची भरपाई कोणी मागावी आणि कोणी द्यावी?

हे मला समजले ते माझ्या आजोबांमुळे. आमच्या आगरी घरात आजोबांना अहो-जाहो करण्याची रीत नव्हती, ते 'आजा'च. आमचे गाव पनवेल खाडीच्या काठचे. आजा शेतकरी की मच्छीमार, असा प्रश्न कुणी विचारला असता तर त्याला तो कळलाच नसता. पावसाळ्यात तो भाताच्या खाचरात असे, भात घरात आले की खाडीत आणि उन्हाळ्यात बांधावर किंवा मिठागरात. वर्षाचे हे तीन तुकडे त्याच्या लेखी एकाच कामाचे होते.

आजच्या वाचकांना खारजमीन म्हणजे काय हे थोडे सांगायला हवे, कारण वाशी, नेरूळ, उलवे इथल्या इमारतींतून ती आता दिसत नाही. खाडीकाठची ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. समुद्राला बाहेर ठेवण्यासाठी माती-दगडांचा लांबलचक बांध घालायचा आणि त्या बांधाच्या पोटात उघाडी बसवायची. उघाडी म्हणजे लाकडी झडप असलेली मोरी. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आत साठलेले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर जाते. जून-जुलैचा पाऊस मातीतला खार धुऊन काढतो आणि मग त्याच जमिनीत भात होते. वर्षाला एकच पीक, पण खात्रीचे. कापणी झाली की आत येणाऱ्या खाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी येई, बोय येई, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या सापडत. एखाद्या डबक्यात वाढलेला जिताडा पाहुणा आला की बाहेर निघे.

या साऱ्याचे वेळापत्रक चंद्र ठरवी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. बांधाला खांड पडली तर ती बुजवायची ती भांगात, पाण्याचा जोर कमी असताना. उधाण येण्याआधी काम पुरे झाले नाही तर साऱ्या गावाचे भात बुडे. म्हणून घरटी एक माणूस बांधावर जाई. अलिबाग-पेणकडे या सामुदायिक श्रमाला 'जोळ' म्हणतात. तिथे मजुरी नव्हती आणि हजेरीपटही नव्हता. जो आला नाही त्याला गावात तोंड दाखवायची लाज. आजा त्या वेळी कुणावर ओरडल्याचे मला आठवत नाही. चिखलात उभ्या पोरांना तो एवढेच सांगे, "पान्याशी भांडाचा नाय, त्याला वाट द्याची."

या व्यवस्थेत आणखी एक शहाणपण होते, ते पुढे बँकेत नोकरी करताना माझ्या लक्षात आले. खांड पडून भात गेले, तरी त्याच खांडीतून मासळी आत येई. जे पाणी एका हाताने नेई ते दुसऱ्या हाताने थोडेफार परत करी. शेती हे भांडवल होते, खाडी हा विमा होता, आणि त्या विम्याचा हप्ता कुणी भरत नव्हते. शिवाय मासळी हा रोजचा रोख पैसा होता आणि तो बायकांच्या हातात असे. आजा पाग टाकून आणी ते आजी टोपलीत घालून पनवेलच्या बाजारात नेई. मीठ, मिरची, तेल, मुलांच्या पाट्या-पेन्सिली या साऱ्यांचा खर्च तिच्या कनवटीतून निघे. भाताचे पैसे वर्षातून एकदा आजाच्या हाती येत. घर वर्षभर चाले ते आजीच्या टोपलीवर.

आता कागदाकडे वळू. पिढ्यान्‌पिढ्या ही जमीन कसणारे बहुतेक लोक कुळे होते, मालक नव्हते. आमच्याच जिल्ह्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, तो खोतांच्या जाचाविरुद्ध. स्वातंत्र्यानंतर कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवसापासून कसणारा हाच मालक, असे कायद्याने मानले. सातबाऱ्यावर आमच्या लोकांची नावे चढू लागली ती तेव्हा. आणि १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईच्या गर्दीला पलीकडच्या किनाऱ्यावर वाट करून द्यावी ही चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची १९६० च्या दशकातली कल्पना सरकारने उचलली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतली मिळून ९५ गावे आणि ३४४ चौरस किलोमीटरचा प्रदेश नव्या शहरासाठी ठरला. म्हणजे शतकानुशतके कसलेल्या जमिनीची कागदावरची मालकी जेमतेम तेरा वर्षे टिकली.

भूसंपादनाचा कायदा सातबारा वाचतो. त्यावर नाव, क्षेत्र आणि आकार असतो, त्यावरून दर ठरतो. खाडीला मात्र सातबारा नसतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या विसाव्या कलमाप्रमाणे खाडीचा तळ आणि भरतीरेषेखालची जमीन सरकारच्या मालकीची. आजा जिथे पाग टाकी, आजी जिथे खुबे वेचायला बसे ती जागा कागदोपत्री त्यांची कधीच नव्हती, त्यामुळे ती त्यांच्याकडून घेतली असेही कागदावर कुठे आले नाही. घराच्या दोन खांबांपैकी एकाची किंमत ठरली. दुसरा न विचारता काढला गेला.

जमिनीची किंमतही सुखासुखी मिळाली नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासई परिसरातल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला पाच शेतकरी बळी पडले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले आणि नव्वदच्या दशकात त्याची योजना झाली. भूसंपादनात जमीन गमावणाऱ्याला विकासात भागीदार करणारी ही कल्पना देशातल्या आरंभीच्या कल्पनांपैकी एक. तिचे मोल कमी लेखू नये. तरी बँकवाल्याच्या सवयीने आकडे मांडून पाहू. अडीच एकर, म्हणजे शंभर गुंठे गेलेले एखादे कुटुंब घ्या. साडेबारा टक्क्यांप्रमाणे साडेबारा गुंठे होतात. त्यातले तीस टक्के सार्वजनिक सोयींसाठी वजा, म्हणजे उरले पावणेनऊ गुंठे. म्हाताऱ्याला चार मुलगे, दोन मुली. सहा वारसांत वाटणी केली तर प्रत्येकी दीड गुंठाही येत नाही. मग वारस दाखला, बहिणींची हक्कसोडपत्रे, भावाभावांतले दावे आणि शेवटी बांधकाम व्यावसायिकाच्या कचेरीतली सही.

नोकरीतली काही वर्षे मी उरण-पनवेल भागातल्या एका शाखेत काढली. भरपाईचे पैसे आलेली खाती मी पाहिली आहेत. 'या लोकांनी पैसे हळदी-लग्नांत आणि गाड्यांत उडवले' असे शहरातली सुशिक्षित माणसे आजही सहज बोलून जातात. तसे करणारे होते, नाही असे नाही. एकरकमी पैसा आलेल्या कोणत्या समाजात ते नसतात? पण काउंटरच्या आतून मला दिसे ते वेगळेच. मुदत ठेवी मोडायला येणारी बरीच माणसे किराणा, औषधे, शाळेची फी यांसाठीच येत. रोजचा पैसा देणारी खाडी हातची गेली होती, आणि ती उणीव आता मुदत ठेवीतून भरून निघायची होती. मुद्दल पोखरले जाणारच. आणखी एक गोष्ट दिसे. खाती पुरुषांच्या नावावर असत, कारण सातबारा त्यांच्या नावावर होता. ज्या बायकांच्या टोपलीवर घर चालले, त्यांच्या बुडालेल्या मिळकतीचा उल्लेख कुठल्याही अर्जात नव्हता. बँकेत त्या येत त्या अंगठा द्यायला.

गंमत अशी की, ज्या विद्येला कुणी किंमत दिली नाही तिच्यावाचून शहराचेही चालले नाही. वाशी-नेरूळसारख्या भागांत सिडकोने धारण तलाव बांधले. त्यांच्या तोंडाशी झडपा आहेत. भरतीला त्या बंद होतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत निघून जाते. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, ही मोठ्या मापाची उघाडीच झाली. फरक एवढाच की, आजाच्या गावात उघाडीपुढचा गाळ दरवर्षी काढला जाई. धारण तलावांत वर्षानुवर्षे गाळ साचला, त्यावर कांदळवन वाढले, आणि आता गाळ काढावा तर कांदळवन तुटते, न काढावा तर वस्तीत पाणी येते, असा पेच झाला आहे.

पाण्याचाही हिशेब करता येतो, हे न्यायालयांनी अलीकडे दाखवून दिले आहे. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरणच्या पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूने निकाल दिला. बंदराच्या भरावामुळे ज्यांची मासेमारी गेली अशा १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख रुपये, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला ५ लाख ८४ हजार रुपये द्यावेत, असा तो आदेश. रक्कम पुरेशी की अपुरी हा वाद बाजूला ठेवू. सातबारा नसलेल्या माणसाचेही नुकसान होते आणि ते रुपयांत मांडता येते, हे त्या निकालाने मान्य केले. २०२१ साली वाशीजवळच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही मच्छीमारांच्या भरपाईचा हक्क उचलून धरला आणि पुढे राज्य सरकारला तसे धोरण आणावे लागले. पण आजाच्या पिढीतले कुणी हे पाहायला उरले नव्हते.

हा सारा इतिहास उगाळण्याचे कारण पुढे आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू सुरू झाला आणि खाडीपलीकडचा उरण-पेणचा टापू मुंबईच्या हाताशी आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या, सुमारे ३२३ चौरस किलोमीटरच्या प्रदेशासाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्यात आले. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणू लागले आहेत. आकारमानाने ती नवी मुंबईच्या जवळपास तेवढीच. तिथेही खाड्या आहेत, उघाड्या आहेत आणि एका पायाने शेतात, दुसऱ्याने पाण्यात उभी असलेली घरे आहेत. गावोगाव हरकती नोंदवल्या गेल्या आहेत आणि चर्चा पुन्हा जमिनीच्या दराची व टक्केवारीची आहे.

शहर नको असे माझे म्हणणे नाही. माझी मुले याच शहरात शिकली, मी स्वतः इथल्या सातव्या मजल्यावर राहतो आणि गुडघे दुखतात तेव्हा लिफ्टचे आभार मानतो. मागणे एवढेच की, मोजणीदार गावात येईल तेव्हा त्याच्या वहीत एक पान वेगळे असावे. या घरातले कोण खाडीत जाते, कोणत्या महिन्यांत, कोणत्या जाळ्याने. मासळी कोण विकते, कोणत्या बाजारात. उघाडीची देखभाल कोण करते. सामाईक पाणी कोणाकोणाच्या उपयोगाचे, हे त्या पानावर नोंदले जावे, आणि ते कारभारणीला विचारून, तिच्या नावाने. अशी नोंद भूसंपादनाच्या नोटिशीआधी झाली तर न्यायालयात तीस-चाळीस वर्षांनी पुरावे शोधत बसावे लागणार नाही. ग्रामपंचायतींनाही सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही; ग्रामसभेच्या ठरावाने हे काम येत्या उन्हाळ्यातही सुरू करता येईल. भांग कोणत्या तिथीला आणि उधाण कोणत्या, कुठल्या उघाडीतून किती घरे जगतात, हे तोंडपाठ असलेली म्हातारी माणसे उरण-पेणच्या गावांत अजून आहेत. ती आहेत तोवरच ते पान भरता येईल.