रंगाची घाई नको

जयपूर, चौमूं या भागातल्या जुन्या हवेल्यांमध्ये भिंतींना चुन्याचा गिलावा असतो. त्यावरचा शेवटचा हात म्हणजे ‘आराइश’. मुरवलेला चुना आणि संगमरवराची पूड यांचा थर ओला असतानाच अकीकाच्या दगडाने घोटतात, वरून सुके खोबरे चोळतात. भिंत आरशासारखी चमकते, तरी आतली ओल बाहेर पडायला वाट राहते.

हल्ली जुन्या घराची दुरुस्ती उरकेपर्यंत दिवाळी येऊन ठेपते. मग घाईघाईने त्याच भिंतीवर तैलरंग चढतो. ओल आत कोंडते, पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटतात. रंगाचा खर्च वाया जातो आणि गिलावाही ढासळतो.

म्हणून भिंत पुरती वाळू द्या. चुन्याच्या भिंतीला चुन्याचाच हात द्या. पडदे, तसबिरी महिनाभराने लावल्या तरी चालतात.