अंगठेबहाद्दर व्हा!

आपल्या म्युझिक क्लबमध्ये सध्या एकच वाद रंगलाय. क्लबच्या एकुलत्या एक बेस गिटारवर अंगठा टेकवायला 'थम्ब रेस्ट' बसवायचा की नाही? वर्कशॉपमधून ड्रिल आणायचं, बॉडीला दोन भोकं पाडायची, स्क्रू पिळायचे. काम पाच मिनिटांचं! बऱ्याच ज्युनियर मंडळींचा या बेताला पाठिंबा आहे. माझा विरोध आहे, आणि तो का, हे सांगायला हा लेख.

आधी थोडा इतिहास. लिओ फेंडर या मूळच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला. त्यावर लवकरच एक टेकू आला, पण तो जी तारेच्या बाजूला! त्याला बोटं अडकवायची आणि अंगठ्याने तार छेडायची, अशी कल्पना. पुढे बहुतेक वादक बोटांनी वाजवू लागले, टेकू मात्र तिथेच राहिला. १९७४ च्या सुमारास तो ई तारेच्या बाजूला गेला आणि अंगठ्याचा टेकू झाला. म्हणजे टेकूने वादकाला शिकवलं नाही, वादकाच्या मागून टेकू फिरला.

आता आपल्या विषयाकडे येऊ, म्हणजे रेझोनन्सकडे. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते. डी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर वरचा ई घ्या, ८२.४ हर्ट्झ, बरोबर दुप्पट. ई तारेला हातही लावलेला नसतो, तरी ती गुणगुणायला लागते. खोलीत हे कळत नाही. गॅदरिंगला मोठ्या अँपवर मात्र नुसता घोळ ऐकू येतो आणि पब्लिक साउंडवाल्याच्या नावाने ओरडतं.

उपाय फुकटातला आहे. ई वाजवताना अंगठा पिकअपवर ठेवा. ए वाजवताना तो ई तारेवर टेकवा. डी, जी कडे जाताना एकेक तार पुढे सरकवा, अंगठ्याची कड मागच्या तारेला लागू द्या. टेकू मिळाला आणि नको ती तार गप्पही बसली. शिवाय अंगठा एकाच जागी रोवून जी तारेपर्यंत बोटं ताणली की मनगट वाकतं. रात्री दोन-दोन तास प्रॅक्टिस करून मनगट चोळत मेसला येणारी पोरं मी पाहिलीत. जर्नलं लिहायलाही तोच हात लागतो राव!

आणखी एक. नेकजवळ छेडलं तर आवाज गोल येतो, ब्रिजजवळ छेडलं तर टोकदार. स्क्रूने पक्का केलेला टेकू हात एकाच ठिकाणी बांधून ठेवतो. अंगठा मोकळा असला की काय होतं, हे लॅरी ग्रॅहमकडे बघा. आईबरोबर कार्यक्रम करताना बँडमध्ये ड्रमर उरला नाही, तेव्हा त्याने अंगठ्याने तार ठोकून बेस ड्रमची आणि बोटाने ओढून स्नेअरची जागा भरली. आज 'स्लॅप' म्हणून आपण जे करायला धडपडतो, ते तिथून आलं.

दुसरी बाजूही मान्य करतो. नवशिक्याला टेकूने हात स्थिर ठेवायला मदत होते, आणि कुणाला आयुष्यभर तसंच वाजवायचं असेल तर त्याने जरूर वाजवावं. पण स्वतःच्या गिटारवर. क्लबचा बेस दरवर्षी नव्या हातात जातो. कुणाची बोटं लांब, कुणाची आखूड. आजच्या तिघांच्या मापाने पाडलेली भोकं पुढच्या दहा बॅचनी का सोसायची?

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्यांना टेकू हवाच, त्यांनी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपने लाकडाची पट्टी लावून बघावी, काम झालं की जपून काढावी. बाकीच्यांनी मेट्रोनोम ६० वर लावून महिनाभर अंगठा सरकवायची सवय करावी. तेवढ्यानेही जमलं नाही, तर ड्रिलचा विषय पुन्हा काढा. तोवर ड्रिल वर्कशॉपमध्येच राहू द्या.