जन्माच्या वेळची लांबी नोंदवा

नऊ महिन्यांचे बाळ लांबीच्या वाढतक्त्यावर उणे दोन प्रमाण विचलनाच्या रेषेखाली दिसले की आपण आईकडे वळतो. वरचे अन्न कधी सुरू केले, दिवसातून किती वेळा भरवता, जुलाब झाले होते का? हे विचारायलाच हवे. पण ते बाळ जन्मले तेव्हा किती लांब होते? कार्डावर वजन असते, लांबीची जागा बहुधा कोरी. पूर्ण दिवसांचा मुलगा 46.1 सेंटिमीटरपेक्षा, मुलगी 45.4 पेक्षा कमी लांबीची असेल, तर खुजेपणा आईने भरवलेल्या पहिल्या घासाआधीच सुरू झालेला असतो.

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील 19 जन्मगटांचा एकत्रित अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. पूर्ण दिवसांच्या, पण गर्भातच वाढ कमी राहिलेल्या बाळांत पुढे खुजेपणाची जोखीम सुमारे अडीचपट आढळली; अपुऱ्या दिवसांच्या आणि शिवाय लहानखुऱ्या बाळांत साडेचारपट. बालवयातील खुजेपणाचा सुमारे पाचवा हिस्सा गर्भातील खुंटलेल्या वाढीशी जोडता येतो, असा त्याचा अंदाज आहे. उरलेल्यासाठी स्तनपान, पूरक आहार, स्वच्छ पाणी ही लढाई आहेच. पण या पाचव्या हिश्शाचा दोष आपण आईच्या भरवण्यावर टाकतो, आणि हा अन्याय आहे.

आपल्याला दूर जायचे कारण नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून जवळच्या खेड्यांत गर्भवतींचा मागोवा घेतला. तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे 3.5. खेड्यांतल्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव लहान, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकलेली. आईने एकूण किती उष्मांक घेतले याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, दूध आणि फळे किती वेळा खाल्ली याच्याशी दिसला. शेतातली आणि घरातली जड कामे जितकी जास्त, तितके बाळ लहान, हेही तिथेच आढळले. गर्भवतीला केवळ ‘दोन जिवांचे खा’ सांगून भागत नाही. तिच्या डोक्यावरचा हंडा कोण उचलणार, हे सासू आणि नवऱ्यासमोर बोलावे लागेल.

अशा बाळाची चरबी आधीच टिकलेली असते, म्हणूनच लहानखुऱ्या बाळाला पावडरच्या डब्याने भराभर फुगवण्याची घाई नको. वजन वाढेल, पण त्यात चरबीचा वाटा मोठा असू शकतो.

प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाची लांबी मोजणारा इन्फंटोमीटर हवा आणि मोजायला दोन माणसे हवीत, एक डोके धरणारे, एक गुडघे सरळ करणारे. कापडी टेपने घेतलेल्या मापात एक सेंटिमीटरची चूक सहज होते, आणि जन्माच्या वेळी तेवढ्याने बाळ तक्त्यावर अर्धे प्रमाण विचलन सरकते. शेजारी गर्भाचे पूर्ण आठवडेही लिहा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करूनच तक्ता भरायचा, आणि त्या आठवड्यांची नोंद नसेल तर अंगणवाडीताईला ते करता येणार नाही.