उन्हाचा पंचनामा

होळीच्या सुमारास उत्तरेच्या मैदानात राहिलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते: तिथल्या हवेवर भरवसा ठेवू नये. ऐंशीच्या दशकात बँकेने मला कर्नाल जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्ज अधिकारी म्हणून पाठवले होते. मार्चमध्ये सकाळी स्वेटर घालून मोटरसायकलवर निघावे, दुपारी तो काढून कॅरियरला बांधावा आणि संध्याकाळी वादळी पावसात भिजून परतावे, असे दिवस मी तिथे पुष्कळ काढले. एका वर्षी होळीच्या आदल्या रात्री गारपीट झाली. सकाळी पाहणीला गेलो, तर ओंबीत आलेला गहू जमिनीवर लोळला होता. शेताच्या म्हाताऱ्या मालकाला सारे गाव ताऊ म्हणे, मीही म्हणत असे. तो म्हणाला, "साब, गारा पडल्या की निदान दिसतात तरी. पछवा सुटते तेव्हा पीक उभेच असते. तुम्ही येता, बघता आणि 'पीक चांगले' असे लिहून जाता." पछवा म्हणजे पश्चिमेचा कोरडा, तापलेला वारा. मी तेव्हा ते बोलणे हसण्यावारी नेले. त्याचा अर्थ कळायला २०२२ साल उजाडावे लागले.

हा लहरीपणा येतो कुठून? भूमध्य समुद्राकडून निघालेल्या आणि इराण-अफगाणिस्तान ओलांडून येणाऱ्या वातावरणातल्या हालचालींना हवामानखाते पश्चिमी विक्षोभ म्हणते. पंजाब-हरियाणातला हिवाळी पाऊस आणि हिमालयातला बर्फ ही त्यांचीच देणगी. जानेवारीत त्यांचा पाऊस गव्हाला सोन्यासारखा. तोच मार्चअखेर वारा आणि गारा घेऊन आला, तर हाताशी आलेले पीक आडवे. आणि मार्चमध्ये ते फिरकलेच नाहीत, तर आभाळ निरभ्र राहते आणि पारा भराभर चढतो. गहू त्या वेळी चिकात असतो. दाणा भरायला त्याला आणखी काही आठवडे थंडावा लागतो. तो मिळाला नाही, की पीक घाईने पिकते आणि दाणा हलका, सुरकुतलेला राहतो.

गेल्या काही वर्षांत या मैदानाने दोन्ही तऱ्हा अनुभवल्या. २०१५ च्या मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. २०२२ चा मार्च नेमका उलटा होता. देशाचे सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश, म्हणजे १९०१ पासूनच्या नोंदीत त्या महिन्यातले सर्वाधिक. पाऊस सरासरीपेक्षा ७१ टक्के कमी. २०२३ मध्ये फेब्रुवारी विक्रमी तापला आणि मार्चमध्ये, कापणीच्या तोंडावर, पावसाने व गारांनी झोडपले.

आता २०२२ चा हिशेब पाहू. सरकारचा सुरुवातीचा अंदाज ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा होता. अंतिम आकडा आला १० कोटी ७७ लाख टन. आदल्या वर्षीपेक्षा जेमतेम पावणेदोन टक्के कमी. या आकड्यावर कोणी म्हणेल, एवढा गहजब कशाला? पण सरकारी खरेदी ४ कोटी ३३ लाख टनांवरून १ कोटी ८८ लाख टनांवर घसरली. युक्रेनच्या युद्धामुळे व्यापारी हमीभावापेक्षा जास्त देत होते, हे त्याचे एक कारण; पण उन्हाने पीक घटले, हेही तितकेच खरे. १२ मे रोजी सरकारने निर्यातवाढीसाठी नऊ देशांत शिष्टमंडळे पाठवण्याचे जाहीर केले आणि १३ मे रोजी निर्यातच बंद केली. मोफत शिधायोजनेतल्या ५५ लाख टन गव्हाच्या जागी तांदूळ द्यावा लागला. फेब्रुवारीतल्या अंदाजावर मोठ्या गप्पा मारल्या आणि मार्चने त्या खोट्या पाडल्या.

बँकेत मी एक धडा शिकलो: सरासरीने ताळेबंद शोभतो, कर्जदाराचे घर चालत नाही. देशाच्या सरासरीत दोन टक्क्यांची घट म्हणजे कुणाच्या शेतात पाव टक्का, तर कुणाच्या शेतात पंचवीस टक्के. शिवाय पाव पीक गेलेला माणूस आमच्या नियमांत आपद्ग्रस्त ठरत नसे. निम्मे पीक बुडाल्याखेरीज मदत मिळायची नाही. २०१५ च्या अवकाळीनंतर पंतप्रधानांनी ही अट ३३ टक्क्यांवर आणली. सुधारणा चांगलीच होती. पण ठेक्याने जमीन घेणाऱ्याचा ठेका आधीच ठरलेला असतो, आणि पाव पीक गेले की नफा तर जातोच, घरची पुंजीही जाते.

यातली खरी मेख ताऊच्या वाक्यात आहे. गारपिटीची गिरदावरी होते, म्हणजे पटवारी बांधावर येऊन नुकसान लिहून घेतो. पीकविमा योजनेत गारपिटीची दखल शेतनिहाय घेतली जाते. २०२२ साली केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट होती, शीतलहरही होती. उष्णतेची लाट नव्हती. म्हणजे थंडीने पीक करपले तर ती आपत्ती, उन्हाने दाणा सुकला तर ते शेतकऱ्याचे नशीब! पिकाची घट विम्याच्या नजरेत यायची ती गावाच्या सरासरीतूनच; आणि पंजाबने तर २०१६ साली सुरू झालेल्या त्या योजनेत भागच घेतला नव्हता. पंजाबच्या शेतकरी संघटनांनी क्विंटलमागे पाचशे रुपये बोनस मागितला. केंद्राने सुरकुतलेल्या दाण्याची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर नेली आणि भावात कपात केली नाही. एवढाच काय तो उन्हाचा पंचनामा. पण ही सवलत पोत्यात आलेल्या गव्हाला. जो दाणा भरलाच नाही, त्याची भरपाई कोणाकडे मागायची?

दोष एकट्या हवेचा नाही. भूजल वाचावे म्हणून पंजाब-हरियाणाने २००९ मध्ये कायदे करून भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. हेतू रास्तच होता. पण भात उशिरा निघतो, गव्हाची पेरणी लांबते आणि लांबलेला गहू नेमका मार्चच्या तडाख्यात सापडतो. कर्नालच्याच संशोधन संस्थेने डीबीडब्ल्यू १८७ सारखे लवकर पेरायचे वाण दिले आहेत. मात्र ते लवकर पेरायचे तर रान वेळेवर रिकामे व्हायला हवे, आणि भातावरची भिस्त कमी केल्यावाचून ते होणे अवघड.

हे सारे दूरचे आहे, असे आपण मानू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली महाराष्ट्रातली गारपीट नाशिकचे बागायतदार विसरलेले नाहीत. आणि आपल्या शिधापत्रिकेवरच्या गव्हाची वाट बऱ्याचदा त्याच मैदानातून येते. म्हणून तीन गोष्टी कराव्यात. निर्यातीचे मनसुबे मार्च सरल्यावर जाहीर करावेत. उन्हाने बसणारी झळ तापमानाच्या नोंदीवरून आपोआप भरून देणारा विमा असावा. आणि मदत सातबाऱ्यावरच्या नावाला नव्हे, पेरणाऱ्या हाताला मिळावी.

त्या सकाळी ताऊच्या शेतावरच्या अहवालात मी 'गारपीट, निम्मे नुकसान' असे लिहिले आणि त्याच्या कर्जाला मुदतवाढ मिळाली. पण त्याआधी पछवा सुटलेल्या मार्चमध्ये मी किती उभ्या शेतांवर 'पीक चांगले' असे लिहून आलो असेन, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.