पणत्या आठवड्यात होत नाहीत!



गेल्या दिवाळीला मुलांनी केलेल्या पणत्यांपैकी निम्म्याहून अधिक भट्टीत फुटल्या, हे आपणांस ठाऊक आहेच. खोके उघडले तेव्हा मुलांचे चेहरे बघवले नाहीत. यंदा तयार पणत्याच आणाव्यात, असे काही पालकांचे मत आहे. मातीकामाची हौस असलेल्या आम्हा तिघा पालकांना ते पटत नाही. चूक मुलांची नव्हती, मातीचीही नव्हती. घाई आमची होती.

पणत्या केल्या आणि पाचव्या दिवशी आम्ही त्या भट्टीत ठेवल्या. वरून कोरड्या दिसत होत्या, पण बुडाशी ओल होती. १०० अंशांच्या पुढे त्या ओलीची वाफ होते आणि तिला वाट मिळाली नाही की पणती फुटते. हेन्डरसनच्या पावसाळी वसंतात पाच दिवसांत काय वाळणार! संगणकावर चूक झाली तर मागे जाता येते. भाजलेल्या मातीला परतीची वाट नाही.

ठेच खाऊन शिकलेल्या चार गोष्टी:

१) माती कणकेसारखी भरपूर मळावी. बूड आणि कड सारख्याच जाडीची ठेवावी, एक सेंटिमीटरच्या आत.

२) पहिले दोन दिवस पणत्या प्लास्टिकने सैल झाकाव्यात, म्हणजे कडा आधी वाळून तडकत नाहीत. मग जाळीवर सावलीत निदान दोन आठवडे ठेवाव्यात. गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत ओल आहे.

३) झिलई नसलेली पणती तेल पिते. म्हणून आपल्या आज्या नव्या पणत्या आधी पाण्यात भिजवून ठेवत. आपणही तेच करावे आणि खाली ताटली ठेवावी.

४) मातीचे हात बादलीत धुवावेत, सिंकमध्ये नव्हे. गाळ खाली बसतो आणि पुन्हा वापरता येतो. टेबलावर वाळलेली माती झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. तिची बारीक धूळ फुफ्फुसांना वाईट.

एवढा खटाटोप कशासाठी? मळणे, थापणे, वाळवणे, भाजणे ही क्रियापदे आम्ही फळ्यावर लिहून दिली तेव्हा दुसऱ्या शनिवारी कुणालाच आठवली नाहीत. मातीत हात घातल्यावर एकाच सकाळी आली! "काका, माझी माती चिकट झाली," हे वाक्य कुणी शिकवले नव्हते. भाषा अशी हाताला लागते.

आपण राहतो तो भागही मातीचाच. शेजारच्या न्यू लिनमध्ये क्राऊन लिनचा कारखाना १९८९ पर्यंत चालला. त्याच्या कपबश्या न्यूझीलंडच्या घराघरांत होत्या. आणि आपल्याकडे तेरचे गोरोबाकाका तर कुंभारच. थापटण्याने कच्चे मडके ओळखण्याची त्यांची गोष्ट मुलांना याच वेळी सांगता येईल. गेल्या वर्षी कच्चे ठरलो ते आम्ही!

तेव्हा आमची विनंती अशी, की यंदा पणत्यांचे काम तिसऱ्या टर्मच्या पहिल्याच शनिवारी सुरू करावे. मुलांना जुना शर्ट घालून पाठवावे आणि आइस्क्रीमचा एक रिकामा डबा द्यावा. माती आम्ही आणू. दोन-चार पणत्या यंदाही फुटतील, पण उरलेल्या दारात लागतील तेव्हा मूल म्हणेल, "ही मी केली." विकतच्या पणतीला हे म्हणता येत नाही.