आरोपी मोबाइल, पुरावा कुठे?

सिनेमासाठी खोटे स्फोट अन् खोटी माणसं बनवणारा ट्रिकमास्टर खऱ्या गुंडांशी लढायला उतरला तर? १९८६ साली हॉलिवूडच्या ‘एफ/एक्स’ने ही गंमत दाखवली. १९९१मध्ये आलेल्या ‘एफ/एक्स २’मध्ये ट्रिकमास्टर झालेला ब्रायन ब्राउन खास पोशाख चढवून हातपाय हलवतो आणि यांत्रिक विदूषक त्याची हुबेहूब नक्कल करतो. ट्रिक कशी चालते, ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. फसतो तो गुंड.

चेन्नईच्या दिग्दर्शक शंकरचा ‘२.०’ पाहताना मात्र प्रेक्षकच फसण्याची शक्यता जास्त! ‘रोबोट’चा (२०१०) हा दुसरा भाग २९ नोव्हेंबर २०१८ रोजी झळकला. स्पेशल इफेक्ट्सचं काम इतकं अवाढव्य होतं, की प्रदर्शनाच्या तारखा हुकत गेल्या. चेन्नईकरांच्या हातातले मोबाइल भुर्रकन उडतात, त्यांचा महाकाय पक्षी बनतो अन् माणसांचे बळी घेतो. मग रजनीकांतचा डॉ. वसीगरन मोडीत निघालेल्या चिट्टी रोबोटला पुन्हा उभा करतो.

या पक्ष्यामागे आहे अक्षय कुमारने रंगवलेला पक्षितज्ज्ञ पक्षिराजन. मोबाइल टॉवरच्या लहरींनी पाखरं मरतात, हे कुणीच ऐकेना म्हणून टॉवरवरच त्याने जीव दिलेला असतो. प्रेक्षक हळहळतो अन् आरोप मान्य करून टाकतो. मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने सिनेमाविरुद्ध सेन्सॉर बोर्डाकडे तक्रारही केली होती.

कंपन्यांचं सोडा, पक्षितज्ज्ञ काय म्हणतात? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२०च्या अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारण स्थिर आहे. मुंबई, चेन्नईसारख्या महानगरांत ती घटली आहे, हे खरं. पण त्याला टॉवर जबाबदार असल्याचा ठोस पुरावा नाही. पिल्लांना भरवायला किडे मिळत नाहीत, काचेच्या इमारतींत घरट्याला सांदीकोपरा उरत नाही, या कारणांचा संशय अधिक आहे.

मोबाइलचा पक्षी खोटा, हे शेंबडं पोरही ओळखतं. त्याच्या पंखांवर बसून आलेला आरोप मात्र खरा ठरून घरात शिरतो. सिनेमा जरूर पाहावा, चिट्टीला टाळ्याही द्याव्यात. मुलांनी चिमण्यांबद्दल विचारलं, तर टॉवरकडे बोट न दाखवता बाल्कनीत एक लाकडी खोकं टांगावं.